शाळा पाडण्याआधी छपरावर चढून पाहा

पत्र: सप्रेम नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेची इमारत १९५६ सालची आहे. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौले, चार खोल्या आणि पुढे लांब पडवी. आमच्या वेळी सातवीपर्यंत वर्ग भरत. आता पाचवीपर्यंत मिळून ३४ मुले आहेत. छप्पर दोन ठिकाणी खचले आहे, पावसात गळते आणि मागच्या भिंतीला तडा गेला आहे. गणपतीत आम्ही १९८६ च्या सातवीच्या वर्गातले सगळे जमलो आणि वर्गणी काढून ६ लाख ४० हजार रुपये जमवले. मुंबईकरांचे म्हणणे असे की, जुनी इमारत पाडून दुमजली स्लॅबची बांधावी. गावातल्या ज्येष्ठांना ते मान्य नाही. इमारतीला वडिलांचे नाव दिल्यास आणखी ३ लाख देतो, असे एक मित्र म्हणतो. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेला आमचा एक सोबती डॉलर पाठवायला तयार आहे. सध्या पैसे माझ्या बचत खात्यात आहेत. मुख्याध्यापिका म्हणतात की, परवानगीशिवाय एक कौलही हलवू नका. आम्ही काय करावे? – एक माजी विद्यार्थी

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहून गेली आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. शाळेच्या छपराची शेवटची शाकारणी कधी झाली? तुमच्या लहानपणी मे महिन्यात गावातली दोन-चार माणसे छपरावर चढत, फुटलेली कौले बदलत, सरकलेली नीट बसवत, पन्हळातला पाचोळा काढत आणि मग गाव मृगाच्या पावसाला मोकळे होई. जे घरोघरी चालत असे तेच शाळेतही चालत असे. पुढे कर्ती माणसे मुंबईला गेली, कौले चाळणारे हात कमी झाले, दुरुस्ती म्हणजे अर्ज आणि अनुदान असे समीकरण झाले आणि शाळेचे छप्पर कोणाचेच उरले नाही. जांभ्याची भिंत सत्तर वर्षांत थकत नाही. एका फुटक्या कौलातून दहा-पंधरा पावसाळे वाशाच्या टोकावर पाणी पडत राहिले म्हणजे वासा कुजतो, छप्पर खचते आणि मग त्या छपराचा रेटा भिंतीवर येतो. त्यामुळे तुमच्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देताना मी फिरून याच मुद्द्यावर येणार आहे. पुढच्या प्रत्येक मे महिन्यात या छपरावर कोण चढणार आणि त्याची मजुरी कुठून देणार, हे ठरल्याशिवाय बांधकामाची एकही चर्चा पुढे नेऊ नका.

त्याआधी एक काम मात्र आजच्या आज व्हायला हवे. छप्पर खचलेल्या दोन खोल्या आणि तडा गेलेल्या भिंतीलगतची जागा मुलांसाठी बंद करावी आणि तसे मुख्याध्यापिकांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवावे. ऑगस्ट २०१७ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील निंबोडी येथे जिल्हा परिषद शाळेची वर्गखोली पावसात कोसळून मुले दगावली. जुलै २०२५ मध्ये राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथे सरकारी शाळेचे छप्पर पडून सात मुलांचा जीव गेला. शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच स्पष्ट केले आहे. तुमच्याकडे ३४ मुले आहेत, त्यामुळे दोन चांगल्या खोल्यांत वर्ग भरू शकतात, आणि दुरुस्ती होईपर्यंत तेवढी अडचण सोसावी.

आता पाडायचे की राखायचे, हा तुमचा मुख्य वाद. पंचायत समितीच्या बांधकाम विभागात तीस वर्षे काढल्यानंतर मी एवढे सांगू शकतो की, हा निर्णय बैठकीत मतदानाने होत नाही; इमारत पाहून होतो. आणि ती खालून पाहून चालत नाही. शिडी लावून वर जा, वासे जिथे भिंतीवर टेकतात तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहा. कोकणातल्या जुन्या शाळांचे वासे बहुधा ऐनाचे, किंजळाचे किंवा सागाचे असतात. लाकूड शाबूत असेल तर पाते आत शिरत नाही, हाताला टणक ठोका लागतो. कुजलेले असेल तर पाते मुठीपर्यंत जाते आणि बाहेर काढताना ओला काळपट भुसा सोबत येतो. माझा अनुभव असा की, वरून भयानक दिसणाऱ्या छपरातही बहुतेक वासे मधल्या भागात ठणठणीत निघतात आणि कुजलेली असतात ती टोके, तीही बहुधा पन्हळाच्या बाजूची. अशी टोके कापून, त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट घालून सांधता येतो. सगळे छप्पर बदलावे लागेल असे सांगणाऱ्या ठेकेदाराला वर चढवा आणि प्रत्येक वाशावर खडूने खूण करायला लावा.

तड्याचेही तसेच आहे. तडा दिसला म्हणजे भिंत पडणार असे नाही, आणि तो जुना आहे म्हणून निर्धास्त राहावे असेही नाही. काचेच्या दोन पट्ट्या घेऊन त्या तड्यावर आडव्या, दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवा आणि बाजूला तारीख लिहा. दोन-तीन महिन्यांत काच तडकली तर भिंत अजून हलते आहे आणि मग पाया, पाण्याचा निचरा, भिंतीजवळचे झाड हे सगळे तपासावे लागेल. काच जशीच्या तशी राहिली तर तो तडा केव्हाच थांबलेला आहे आणि चुन्याच्या मसाल्याने भरता येतो. हे काम संरचना अभियंत्याच्या देखरेखीखाली करा आणि त्याच्याकडून लेखी अहवाल घ्या. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी अभियंता असेल तर त्याने मदत जरूर करावी, पण अहवाल त्रयस्थाचा असावा, कारण उद्या गावात दोन तट पडले तर स्वतःच्या वर्गमित्राचे मत कोणी मानत नाही.

मुंबईकर मंडळींची तळमळ मला समजते. गावाला काहीतरी पक्के, टिकाऊ द्यावे अशी त्यांची इच्छा आहे आणि पक्के म्हणजे स्लॅब हे आपल्या सर्वांच्या मनात बसले आहे. परंतु ६ लाख ४० हजारांत दुमजली इमारत उभी राहत नाही. उभा राहतो तो अर्धवट सांगाडा, आणि त्यासाठी आधीची शाळा पाडलेली असते. शिवाय गरज किती आहे तेही पाहा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या ६० पर्यंत मुलांना दोन शिक्षक आणि प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली लागते, त्याशिवाय कार्यालय व सामानासाठी एक खोली. तुमच्या चार खोल्यांत हे सगळे बसून एक खोली वाचनालयासाठी उरते. त्याच परिशिष्टात मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, आहार शिजवण्याची जागा, कुंपण आणि अपंग मुलाला आत येता येईल असा मार्ग हेही आहे. तुमच्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला नळ आहे का, आणि पडवीच्या पायऱ्यांना उतार आहे का? उतार करायचा झाल्यास एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरा. दुसऱ्या मजल्याआधी या गोष्टींना पैसे लागायला हवेत, असे माझे ठाम मत आहे.

एक मधला मार्ग कोणीतरी हमखास सुचवेल, म्हणून आधीच लिहितो. जुन्या भिंती ठेवून वर स्लॅब टाकायचा, हे कृपा करून करू नका. चार इंच जाडीच्या स्लॅबचे वजन चौरस मीटरला सुमारे २५० किलो भरते, तर मंगलोरी कौलांचे छप्पर लाकडासह शंभर किलोच्या आत राहते. चुन्यात किंवा मातीत बांधलेली भिंत कौलांसाठी बांधलेली असते. माझ्या नोकरीत एका गावच्या माजी विद्यार्थ्यांनी मोठ्या हौसेने असा स्लॅब टाकला होता. तिसऱ्या पावसाळ्यात खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरके तडे गेले, चौथ्या वर्षी सळया गंजून छताचे पापुद्रे वर्गात पडू लागले आणि आज त्या इमारतीत शाळा भरत नाही. कमकुवत भिंतींवरचे जड छप्पर काय करते, ते महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत पाहिले आहे, आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप तर रत्नागिरी जिल्ह्याला अगदी जवळचा. तुमच्या अभियंत्याला त्रिकोणी भिंती छपराशी आणि एकमेकींशी बांधून घेण्याविषयी आवर्जून विचारा. कमी खर्चात होणारे हे काम दुरुस्तीतून नेहमी सुटते.

अर्थात अहवालात भिंतीच निकामी ठरल्या तर हट्ट धरू नका. मग मुख्याध्यापकांमार्फत निर्लेखनाचा, म्हणजे इमारत वापरातून बाद करण्याचा, प्रस्ताव जातो, जिल्हा परिषदेचे अभियंते पाहणी करतात आणि मंजुरीनंतरच इमारत उतरवता येते. नवी इमारत हा त्या वेळी जिल्हा परिषदेच्या, समग्र शिक्षा अभियानाच्या किंवा जिल्हा नियोजन समितीच्या निधीचा विषय होतो, आणि तुमची वर्गणी त्याला पूरक म्हणून वापरता येते.

दुरुस्ती ठरली असे धरून कामाचा क्रम सांगतो. सुरुवात पाण्यापासून करा. छपराचे पाणी पडते तिथे जोत्याभोवती चर खणलेला आहे का, की वर्षानुवर्षे माती साचून अंगणच जोत्याच्या वर आले आहे, ते बघा. मग छप्पर. कौले उतरवताना एकेक कौल बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजले ते चांगले, बद्द वाजले ते तडकलेले. उलटे करून पाहिलेत तर मागे कारखान्याचा छाप सापडेल. बासेल मिशनने मंगलोरला कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला आणि पुढे शंभर वर्षे साऱ्या पश्चिम किनाऱ्याची घरे त्या धर्तीच्या कौलांनी शाकारली गेली. ही जुनी कौले शेवाळ घासून धुतली की नव्यासारखी चालतात. मात्र नव्या कौलांच्या खाचा जुन्यांशी तंतोतंत जुळतातच असे नाही, म्हणून दोन्ही मिसळू नका. जुनी सगळी एका पाख्यावर, म्हणजे छपराच्या एका उतारावर, आणि नवी दुसऱ्या पाख्यावर घाला, नाहीतर गळती राहते आणि दोष कौलांवर जातो. पूर्वीच्या दुरुस्तीत कुठे जुने सिमेंटचे पत्रे घातले असतील, तर ते फोडू किंवा कापू नका. त्यांत अॅस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ मुलांच्या आणि मजुरांच्या छातीत जाते. ते अख्खे उतरवून अभियंत्याच्या सल्ल्याने हलवा.

भिंतींवर सिमेंटचा गिलावा असेल तर तो काढायला लावा, हे मी विशेष आग्रहाने लिहितो आहे. जांभा पाणी पितो आणि उन्हाळ्यात ते सोडतो. सिमेंटने त्याचे तोंड बंद केले की पाणी आतच राहते, चिरा भुसभुशीत होतो आणि एक दिवस गिलाव्याची ढलपीच्या ढलपी निसटते. मी अशी ढलपी हातात धरून पाहिली आहे. तिच्या मागची भिंत भर एप्रिलात ओली होती आणि तिच्यात मुंग्यांनी घर केले होते. तिथे चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचाच हात द्यावा, तैलरंग देऊ नये. चुन्याचे काम जाणणारे गवंडी आता कमी आहेत, पण कोकणात अजून आहेत. गावातली साठीची माणसे विचारा, ती नाव सांगतील. ज्या ज्येष्ठांना इमारत पाडणे मान्य नाही, त्यांना बैठकीत विरोधी बाजूला बसवण्यापेक्षा हे काम सोपवा.

वेळापत्रक पावसाच्या हातात आहे. दिवाळीच्या सुट्टीत तपासणी, डिसेंबरपर्यंत अहवाल व अंदाजपत्रक, उन्हाळ्याच्या आत परवानगी आणि लाकूड, आणि छपराचे काम मे महिन्याच्या सुट्टीत, महिनाअखेरीच्या आत पूर्ण. परवानगी उशिरा आली तर काम पुढच्या वर्षावर टाका आणि तोवर खचलेल्या भागाला टेकू द्या. जूनच्या तोंडावर उघडे छप्पर ठेवण्याची चूक मी एकदा होऊ दिली आहे आणि तो पावसाळा मला अजून आठवतो.

परवानगीबद्दल मुख्याध्यापिका पूर्णपणे बरोबर आहेत आणि तुम्ही त्यांच्या पाठीशी उभे राहायला हवे, कारण उद्या काही घडले तर जबाबदारी त्यांच्यावर येईल, तुमच्यावर नव्हे. इमारत जिल्हा परिषदेची आहे. जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी आल्या, तुमची शाळा त्याच्या आधीची, म्हणून जमिनीचा कागद मुद्दाम पाहा. त्या काळात कोणीतरी जागा तोंडी देऊन टाकलेली असते, सातबारावर अजून त्यांच्याच वारसांची नावे असतात आणि काम सुरू झाले की वाद उभा राहतो. तलाठ्याकडून उतारा काढायला फार वेळ लागत नाही. त्यानंतर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या. त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. आजच्या मुलांची बाजू बोलणारे तेच आहेत, आणि तुमच्या वर्गाने त्यांना अजून काही विचारलेले दिसत नाही. ठरावासोबत अहवाल व अंदाजपत्रक जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत प्रस्ताव पाठवा आणि बांधकाम विभागाची तांत्रिक मान्यता लेखी घ्या.

पैसे तुमच्या बचत खात्यातून या आठवड्यातच हलवा. तुमच्या सचोटीविषयी मला शंका नाही, परंतु खासगी खात्यातल्या सार्वजनिक पैशाने चांगल्या माणसांची नावे खराब झालेली मी पाहिली आहेत. शाळा व्यवस्थापन समितीच्या संयुक्त सहीच्या खात्यात पावती घेऊन रक्कम द्या, किंवा पुढेही काम करायचे असेल तर माजी विद्यार्थ्यांची संस्था रीतसर नोंदवा. धर्मादाय कार्यालयात आधी चौकशी करा, कारण नोंदणी नसलेल्या गटाने वर्गणी गोळा करण्यालाही नियम आहेत. देणगीवरची प्राप्तिकर सवलत (८०-जी म्हणून ओळखली जाणारी) हवी असलेल्या देणगीदारांना ती मान्यता असलेल्या संस्थेमार्फतच मिळते, आणि २,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास मिळत नाही. हिशेब पडवीतल्या फळ्यावर दरमहा लावा. अमेरिकेतल्या मित्राला मात्र थांबायला सांगा. परकीय नागरिकत्व घेतलेल्या भारतीयाचे पैसे २०१० च्या परकीय अंशदान कायद्याखाली येतात. त्यासाठी संस्थेला वेगळी नोंदणी लागते आणि ती सहसा किमान तीन वर्षे काम केलेल्या संस्थेलाच मिळते. भारतीय पारपत्रावर आखातात नोकरी करणाऱ्या सोबत्याने बँकेमार्फत स्वतःच्या बचतीतून दिलेली वर्गणी या कायद्यात परकीय ठरत नाही. अमेरिकेतल्या मित्राने मे महिन्यात यावे आणि कामावर लक्ष ठेवावे. देखरेखीला भरवशाचा माणूस मिळणे वर्गणी मिळण्याहून कठीण असते.

राहिला नावाचा प्रश्न. जिल्हा परिषदेच्या इमारतीला नाव देणे तुमच्या हातात नाही, आणि असते तरी मी नको म्हणालो असतो. ज्यांनी पन्नास रुपये दिले त्यांची मुले त्याच पाटीखालून शाळेत जाणार आहेत. तरीही त्या मित्राची इच्छा मला योग्य वाटते. वडिलांची आठवण शाळेत राहावी असे वाटणाऱ्या मुलाला नकार देऊन परत पाठवू नका. त्यांचे ३ लाख बांधकामात घालू नका. ते संस्थेच्या किंवा समितीच्या नावे मुदत ठेवीत ठेवा, मूळ रकमेला कधीही हात लावायचा नाही असा ठराव करा आणि ठेवीला वडिलांचे नाव द्या. सात टक्के व्याज धरले तर वर्षाला २१ हजार येतात. त्यातले काही पुन्हा ठेवीत टाकून उरलेल्यातून शाकारणीची मजुरी, बदलायची कौले आणि पन्हळाची सफाई निघू शकते. दर मे महिन्यात त्यांच्या वडिलांच्या नावाने माणसे छपरावर चढतील. दगडी पाटीने हे होत नाही, आणि तुमच्या मित्राला हे नीट सांगितले तर ते ऐकतील असे मला वाटते. वर्गणीदारांची नावे वर्णानुक्रमाने, रकमा न लिहिता, एका फलकावर पडवीत लावा आणि त्याच फलकावर कोणत्या साली काय दुरुस्त केले तेही लिहा. पुढच्या अभियंत्याला ते उपयोगी पडेल.

एका जुलैमध्ये मी अशाच एका शाळेत पाहणीला गेलो होतो. सर आली तशी तिसरीतली एक मुलगी कोणी न सांगता उठली, तिने दप्तर उचलून खिडकीत ठेवले, कोपऱ्यातली बादली दोन फरशा पुढे सरकवली आणि पुन्हा पाढे म्हणू लागली. तिला पाणी नेमके कुठे पडते ते अभियंत्यापेक्षा चांगले ठाऊक होते. दिवाळीत तुम्ही शाळेत जाल तेव्हा शिडी, स्क्रू ड्रायव्हर आणि काचेच्या पट्ट्यांबरोबर मुलांनाही सोबत घ्या आणि त्यांच्या बादलीच्या जागा जमिनीवर खडूने आखून घ्या. फुटके कौल शोधताना मात्र खुणेच्या सरळ वर पाहू नका. पाणी वाशावरून ओघळत खाली येऊन मग ठिबकते, म्हणून आढ्याच्या दिशेने चार-पाच ओळी वर पाहत जा आणि काय सापडले ते मला लिहा.